पगार वाढला, ईएसआय सुटली: वेतन करारात मेडिक्लेम कसा बसवायचा

करारावर सह्या झाल्या की गेटसमोर गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात आणि फलकावर वाढीचा आकडा लागतो. त्या आकड्यामुळे किती जणांचा पगार २१ हजारांच्या, म्हणजे ईएसआय या सरकारी विमा योजनेच्या मर्यादेच्या, वर गेला, हे त्या दिवशी कोणी मोजत नाही. कोणाच्या घरी आजारपण आलं आणि ईएसआयच्या दवाखान्यात कार्ड चालेना, की मग युनियन ऑफिसला फोन येतो.

चाकण, सातपूर, वाळूज किंवा बुटीबोरीसारख्या पट्ट्यात शंभर ते हजार कामगारांच्या कारखान्यांत युनियनचं काम करणाऱ्या कमिटी मेंबरांसाठी हा लेख आहे. मागणीपत्र लिहायला घेण्याआधीपासून पॉलिसीच्या पहिल्या नूतनीकरणापर्यंत काय काय करायचं, ते क्रमाने देतो. माझं मत आधीच सांगतो: मेडिक्लेमची वाटाघाटी ‘किती लाखांचं कव्हर’ यावर करणारी युनियन अर्धी बाजी तिथेच हरते. खरी बाजी अटींत असते.

पहिली पायरी: काय सुटतंय ते मोजा

ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा योजना, १९४८ च्या कायद्याने आली. १ जानेवारी २०१७ पासून तिची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो.

ईएसआयवर नाराजी सगळ्यांचीच असते. रांगा, रेफरलची कटकट, ‘औषध बाहेरून घ्या’ हे सगळं खरं आहे. पण कागदावर तिच्यात जे आहे ते कुठल्याही मेडिक्लेममध्ये नाही. उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. जोडीदार आणि मुलांबरोबर अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती फक्त दवाखान्याचं बिल भागवत नाही, बुडालेला पगारही देते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, टीबी, कॅन्सरसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के, कामावर अपघात झाला तर बरे होईपर्यंत ९० टक्के आणि बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार.

२०,४०० रुपये पगाराच्या कामगाराला ९१ दिवसांचा आजारपणाचा लाभ ४० हजारांच्या वर जातो. मेडिक्लेम आला तरी हे पैसे गेलेच. म्हणून मागणीपत्रात मेडिक्लेमच्या शेजारी आजारपणाच्या पगारी रजेची मागणीही असायलाच हवी. बहुतेक युनियन नेमकं हेच विसरतात.

आता यादी बनवा. तीन रकाने पुरेत: आज ईएसआयमध्ये असलेले, मागितलेली वाढ मिळाली तर बाहेर पडणारे आणि आधीच बाहेर असलेले. २१ हजारांच्या हिशेबात काय धरायचं यावरून नेहमी गोंधळ होतो. जुन्या ईएसआय कायद्यात ओव्हरटाइमवर वर्गणी कापली जायची, पण मर्यादा ओलांडली की नाही हे ठरवताना तो धरत नसत. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम वेतनाबाहेर. पण बाहेर ठेवलेली एकूण रक्कम निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. त्यामुळे पे-स्लिप घटकाघटकाने वाचा, आणि कोणती व्याख्या धरून कोणाला आत-बाहेर ठेवलंय हे एचआरकडून लेखी घ्या. तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही.

दुसरी पायरी: तारखांचा खेळ समजून घ्या

ईएसआयचे वर्गणीचे दोन कालखंड असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू झाल्यावर मध्येच पगार २१ हजारांच्या वर गेला, तरी कालखंड संपेपर्यंत कामगार योजनेतच राहतो आणि वर्गणी वाढलेल्या पगारावर कापली जाते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवरचे लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतात, ऑक्टोबर ते मार्चचे जुलै ते डिसेंबरमध्ये. आजारपणाच्या रोख लाभासाठी त्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते.

याचा उपयोग असा. वाढ मे महिन्यापासून लागू झाली, तर कामगार ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी भरतो आणि त्या वर्गणीचे लाभ पुढच्या ३० जूनपर्यंत चालतात. वाढ १ एप्रिललाच लागू झाली, तर तो त्या दिवसापासूनच वर्गणीतून बाहेर, आणि आधीच्या वर्गणीचे लाभ ३१ डिसेंबरला संपतात. एका महिन्याच्या फरकाने हातातलं संरक्षण इतकं हलतं. वाढीची तारीख आपल्या हातात नसली, तरी मेडिक्लेम सुरू होण्याची तारीख मात्र आपल्या हातात असते. पहिला कामगार ज्या दिवशी वर्गणीतून बाहेर पडेल, त्याच दिवशी पॉलिसी चालू झालेली हवी. काही महिने दोन्ही चालले तर कामगाराचं काही बिघडत नाही.

आणि हो, कंपनीने ईएसआय कापली पण भरली नाही, असं आढळलं तर तो वाटाघाटीचा विषय नव्हे, गुन्हा आहे. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. प्रत्येक कामगाराला आपल्या विमा क्रमांकावरून ऑनलाइन ती पाहता येते. करार करण्याआधी सगळ्यांना एकदा ती पाहायला लावा.

तिसरी पायरी: कंपनीचे वाचणारे पैसे टेबलावर ठेवा

एचआरचं ठरलेलं वाक्य असतं, ‘मेडिक्लेमचा बोजा नव्याने येतोय, तो वाढीच्या रकमेतच धरावा लागेल.’ इथे कागद पुढे सरकवायचा.

२०,४०० पगारावर मालक ईएसआयला महिन्याला ६६३ रुपये भरत होता, म्हणजे वर्षाला ७,९५६. कामगार योजनेतून बाहेर पडला की हे पैसे कंपनीचे वाचतात. असे ३०० कामगार बाहेर पडले तर वर्षाला २३,८६,८०० रुपये. मेडिक्लेमचा पहिला पैसा इथून यायला हवा आणि तो ‘एकूण वाढ’ म्हणून फलकावर लागणाऱ्या आकड्यात मोजायचा नाही. कामगाराचे महिन्याला वाचलेले १५३ रुपये हवे तर आईवडिलांच्या कव्हरकडे वळवता येतील, पण ते सभासदांना विचारूनच.

एक अडचण मान्य करावी लागेल. ईएसआयच्या वर्गणीवर जीएसटी नाही, पण गट आरोग्य विम्यावर १८ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याचा जीएसटी शून्य झाला, गट पॉलिसीचा नाही. म्हणजे ७,९५६ रुपयांतून मूळ प्रीमियमला सुमारे ६,७४२ च उरतात. ‘मग प्रत्येकाने आपापली पॉलिसी घ्या, आम्ही पैसे देतो’ असा प्रस्ताव व्यवस्थापन याच जोरावर आणेल. तो घेऊ नका. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि शुगर-बीपीवाल्याला कंपनी नाकारूही शकते. गट पॉलिसीत ते पहिल्या दिवसापासून झाकून घेता येतं. पंचेचाळिशीच्या पुढच्या कामगारांसाठी ही एकच गोष्ट १८ टक्क्यांपेक्षा मोठी आहे.

चौथी पायरी: अटी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

ब्रोकर दोन पानी ‘बेनिफिट समरी’ देतो. तिच्यावर भागवू नका, मूळ पॉलिसीचा मसुदा मागा. निदान तीन विमा कंपन्यांचे दर एकाच अटींवर मागवायला लावा, नाहीतर स्वस्त दर कशामुळे स्वस्त आहे ते कळत नाही.

सर्वांत आधी खोलीभाड्याची मर्यादा पाहा. ३ लाखांच्या कव्हरवर दिवसाला १ टक्का अशी ओळ असेल, तर खोली ३,००० ची. समजा कामगाराच्या बायकोचं ऑपरेशन आहे आणि रुग्णालयात ६,००० ची खोलीच शिल्लक आहे. चार दिवसांचं बिल झालं १,८०,००० : खोली २४,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून ९६,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ६०,०००. कामगाराला वाटतं, खोलीचे जास्तीचे १२,००० आपल्याला भरावे लागतील. प्रत्यक्षात खोली दुप्पट दराची घेतली म्हणून डॉक्टर-थिएटरचे पैसेही निम्मेच मंजूर होतात. विमा कंपनी देते १२,००० अधिक ४८,००० अधिक ६०,०००, म्हणजे १,२०,०००. खिशातून गेले ६०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी प्रमाणात कपात करायची नाही, असा नियामकाचा नियम आहे. तरी कधी केलेली दिसली, तर लगेच भांडा.

म्हणून मागणी अशी करा: ‘खोलीभाड्याला मर्यादा नाही’ किंवा ‘सिंगल प्रायव्हेट एसी खोलीपर्यंत’. ते प्रीमियमला जड गेलं, तर निदान ‘प्रमाणात कपात लागू नाही, फक्त खोलीतला फरक कामगाराचा’ हे लिहून घ्या. माझ्या मते ५ लाख कव्हर आणि १ टक्का खोली यापेक्षा ३ लाख कव्हर आणि ही एक ओळ जास्त कामाची.

त्यानंतर को-पे. प्रत्येक क्लेममध्ये १० किंवा २० टक्के कामगाराने भरायचे, अशी ही अट. आईवडिलांच्या क्लेमला १० टक्के को-पे मान्य करून त्यांचा समावेश मिळत असेल, तर तो सौदा वाईट नाही. कामगार, जोडीदार आणि मुलांवर मात्र को-पे नकोच.

आजारवार मर्यादा हळूच घुसवलेली असते: मोतीबिंदू इतके, हर्निया इतके, गुडघा इतके. तुमच्या गावच्या दोन-तीन रुग्णालयांचे खरे दर विचारून त्या रकमा तपासा. बाळंतपणाचंही तसंच. ईएसआय सुटल्यावर २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मालकावर येते, पण दवाखान्याचा खर्च पॉलिसीतल्या मर्यादेपुरताच. नॉर्मल आणि सिझेरियन, दोन्हींचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या आणि बाळ पहिल्या दिवसापासून कव्हरमध्ये आहे ना ते पाहा.

ग्लोव्हज, सिरिंज, पीपीई किट असल्या वस्तूंचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. त्यासाठी ‘कन्झ्युमेबल्स कव्हर’ वेगळं मिळतं. मोठ्या ऑपरेशनात ही रक्कम हजारांत जाते, तेव्हा विचारून घ्या.

कॉर्पोरेट बफर ही आणखी एक उपयोगी सोय आहे. सगळ्या कामगारांसाठी मिळून एक सामाईक रक्कम ठेवलेली असते आणि एखाद्याचं कव्हर संपलं की त्यातून दिलं जातं. कोणाला द्यायचं हा अधिकार एकट्या एचआरकडे राहू देऊ नका, कमिटीतला एक माणूस तिथे हवा. नाहीतर बफर स्टाफच्या वाट्याला जातो आणि शॉप फ्लोअरला तो संपल्यावरच कळतं.

आईवडील

वाटाघाटी सगळ्यात जास्त इथे अडते, कारण प्रीमियम फुगतो तो आईवडिलांमुळे. इथे सरकारी योजनांचा आधार घेतला तर पेच सुटू शकतो. ७० वर्षांवरच्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड निघतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे, तिचीही मर्यादा ५ लाखांची. दोन्ही योजना अंगीकृत रुग्णालयांतच आणि ठरलेल्या उपचारांपुरत्याच चालतात, एवढं लक्षात ठेवायचं.

युनियनने करारापूर्वीच एखाद्या रविवारी शिबिर लावून सत्तरीपुढच्या आईवडिलांची कार्डं काढून घ्यावीत. मग टेबलावर म्हणता येतं की सत्तरीपुढचे बाजूला ठेवा, पण साठ ते सत्तरचे घ्या. प्रीमियमचा आकडा लगेच खाली येतो. एकदम सगळं नाकारलं जात असेल तर आईवडिलांचं कव्हर ऐच्छिक ठेवून कंपनी-कामगार निम्मे-निम्मे, असंही चालतं. फक्त ऐच्छिक म्हटलं की आजारी आईवडीलवालेच येतात आणि दुसऱ्या वर्षी दर भडकतो, हे सभासदांना आधीच सांगून ठेवा.

पाचवी पायरी: करारातली भाषा

‘कंपनी प्रतिकामगार ८,००० रुपयांपर्यंत मेडिक्लेम देईल’ हे वाक्य करारात कधीही जाऊ देऊ नका. करार तीन-चार वर्षांचा असतो आणि प्रीमियम दरवर्षी वाढतो. रक्कम गोठली की दुसऱ्या वर्षी कव्हर कापलं जातं किंवा फरक पगारातून जातो. करारात फायदा बांधा, प्रीमियमची रक्कम नको. साधारण असं लिहिता येईल:

‘व्यवस्थापन प्रत्येक कायम कामगार, त्याचा जोडीदार व दोन मुले यांच्यासाठी किमान ३ लाख रुपयांचा कौटुंबिक फ्लोटर (सर्व कुटुंबाला मिळून एकच रक्कम) गट आरोग्य विमा कराराच्या संपूर्ण मुदतीत चालू ठेवील. प्रीमियममधील वाढ व्यवस्थापन सोसेल. परिशिष्ट ब मधील अटी युनियनच्या लेखी संमतीशिवाय कमी केल्या जाणार नाहीत. विमा कंपनी किंवा टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) बदलण्यापूर्वी युनियनला ३० दिवस आधी कळवले जाईल.’

परिशिष्टात चौथ्या पायरीतली प्रत्येक अट आकड्यासह लिहा. त्याखाली दोन कलमं वेगळी घ्या: मोठ्या आजारात पगारी रजा किती दिवस, आणि कामावरच्या अपघातात पूर्ण पगार किती दिवस. ईएसआयबाहेरच्या कामगाराला अपघाताची कायदेशीर भरपाई मालकाकडूनच घ्यावी लागते, म्हणून गट अपघात विमाही याच परिशिष्टात टाका. त्याचा प्रीमियम मेडिक्लेमच्या मानाने किरकोळ असतो.

सही कोणाची चालेल, तेही पाहा. औद्योगिक संबंध संहितेनुसार एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. तशी कोणी नसेल तर २० टक्क्यांना एक प्रतिनिधी याप्रमाणे परिषद बनते. मेडिक्लेमवर तरी दोन युनियननी एकत्र बसावं, आजारपण झेंडा पाहून येत नाही.

ठेकेदारी कामगारांचं काय? त्यांतले बरेचसे २१ हजारांच्या आतच असतात, म्हणजे ईएसआय त्यांचा हक्क आहे. ठेकेदाराने भरली नाही तर जबाबदारी मूळ मालकाची. करारात एवढं एक वाक्य घ्या की ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याचं ईएसआय चलन कंपनी तपासेल. याला कंपनीचा पैसा लागत नाही, त्यामुळे सहसा मान्य होतं.

सहावी पायरी: पॉलिसी चालवणं

पहिल्या महिन्यात ई-कार्डं तपासा. आधारवरचं नाव आणि पॉलिसीतलं नाव जुळत नाही, मुलाची जन्मतारीख चुकली, बायकोचं माहेरचं आडनाव राहिलं, असल्या बारीक चुकांवर रात्री अकराला कॅशलेस अडकतं. प्रत्येक शिफ्टला एक असा दोन-तीन जणांचा मेडिक्लेम गट नेमा आणि टीपीएच्या माणसाचा थेट नंबर त्यांच्याकडे ठेवा.

कॅशलेसच्या वेळा ठरलेल्या आहेत. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. संध्याकाळपर्यंत पेशंट ताटकळला तर कंपनीला हे परिपत्रक दाखवा आणि वेळ टिपून ठेवा.

क्लेम नाकारला किंवा कापला, तर कारण लेखी मागा. आधी विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. गट पॉलिसीतल्या कामगारालाही हा मार्ग खुला आहे. नकाराच्या पत्रापासून वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.

नूतनीकरणाच्या निदान दोन महिने आधी क्लेमचा गोषवारा मागा: किती क्लेम, कामगाराचे किती, आईवडिलांचे किती, मागितलेली आणि दिलेली रक्कम, कुठल्या शीर्षकाखाली किती कापलं. नावं काढून मागा. कोणाला काय आजार आहे हे युनियनलाही कळायचं कारण नाही. जमा प्रीमियमच्या मानाने क्लेम जास्त गेले असतील तर कंपनी दर वाढवणारच, पण कुठे वाढवायचं आणि कुठे नाही हे या कागदावरून बोलता येतं. आकडे नसलेल्या युनियनपुढे ‘क्लेम रेशो बिघडला’ हे एक वाक्य टाकलं की बोलणी संपतात.

निवृत्त होणाऱ्यांची यादीही त्याच वेळी काढा. गट पॉलिसी नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करून आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा जेवढा काळ भरून झालाय त्याचं श्रेय टिकवता येतं, पण अर्ज गट पॉलिसी चालू असतानाच जायला हवा. शेवटपर्यंत ईएसआयमध्ये राहून निवृत्त झालेल्या आणि किमान पाच वर्षं विमाधारक असलेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपयांत स्वतःचे आणि जोडीदाराचे ईएसआय उपचार चालू ठेवता येतात. त्याचा अर्ज निरोप समारंभाआधीच भरून घ्या.